खडीला पायरी लागत नाही

उस्ताद,

त्या दिवशी गाडीचं इंजिन बंद करायचा नॉब ओढण्याआधी तुम्ही दोन्ही टाचा समोरच्या पत्र्याला टेकवून घेतल्या होत्या. हे मी पाहिलं होतं. कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, सवयीने बसला असेल म्हातारा तसा. सवयीने नाही. तुम्ही गाडीत बसलात की एक पाय दुमडून मांडीखाली घ्यायचात, गाडी कितीही आदळली तरी तो पाय खाली यायचा नाही. त्या दिवशी दोन्ही पाय खाली होते. म्हणजे गाडी धडकणार हे तुम्हाला ठाऊक होतं. स्टिअरिंग माझ्या हातात होतं आणि ठाऊक मात्र तुम्हाला होतं. आपलं सगळं भांडण एवढंच आहे, पण मी ते एवढ्यावर सोडणार नाही. तुम्ही मला कधी कशाचं कारण दिलं नाहीत. मी सगळी कारणं लिहून काढणार आहे.

मी आता तुमच्या तेव्हाच्या वयाला आलो आहे. कारखान्याच्या रस्त्याला माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, तिथे जमीन सिमेंटची आहे आणि प्रत्येक पान्याची भिंतीवर ठरलेली जागा आहे. कुणी मला उस्ताद म्हणालं तर मी त्याला थांबवतो. कुणाकडे शिकलात असं विचारलं तर सांगतो, कुणाकडे नाही. ते खोटं नाही. भिंगारच्या तुमच्या शेडमध्ये मी काय शिकलो? गिअर बॉक्स उघडायची वेळ आली की तुम्ही आमच्याकडे पाठ करून बसायचात. आम्ही तुमच्या बनियनवरचा तेलाचा डाग बघत उभे. "हे असं का?" असं कुणी विचारलं की हातातल्या पान्याने मडगार्डवर दोनदा टकटक करायचात. त्याचा अर्थ, काम कर. जे काही मला येतं ते मी डिस्पोजलच्या, म्हणजे मिलिटरीने मोडीत काढलेल्या भंगारात आलेल्या इंग्रजी पुस्तकांतून, शेजारी डिक्शनरी ठेवून, एकेक शब्द उचलत शिकलो. त्यावरून तुम्ही माझं नाव इंग्रज पाडलंत. "काय इंग्रज, आज काय म्हनतंय पुस्तक?" सगळं गॅरेज हसायचं. तुम्ही स्वतः हसत नव्हतात, हे जास्त लागायचं.

तुमच्या शेडचा एक नियम मात्र होता आणि तो तुम्ही पाळायचात. ब्रेकचं किंवा स्टिअरिंगचं काम ज्याने केलं, त्याने ट्रायलच्या फेरीला स्वतः गाडीत बसायचं. ज्याचं काम, त्यो आत. नट आवळताना हात आळसावला तर आपलंच डोकं फुटणार, म्हणून कुणाचा हात आळसावायचा नाही. नियम चांगला होता असं मी तेव्हाही म्हणायचो. तो तुम्ही माझ्यावर कसा वापराल हे तेव्हा माहीत नव्हतं.

दुष्काळाची कामं जोरात चालली होती. डोंगराकडच्या खाणीतून दगड काढून खाली तलावाच्या भरावावर टाकण्याचा ठेका एका शेठने घेतला होता. त्याच्याकडे डिस्पोजलची एक गाडी होती, पुढची आणि मागची सगळी चाकं इंजिनावर ओढणारी, आत मागाहून बसवलेलं डिझेल इंजिन. खडकात टायर फुटतात म्हणून त्याने तिला मूळच्यापेक्षा रुंद टायर घातले. टायर फुटायचे थांबले आणि स्टिअरिंग फिरेना. ड्रायव्हर पन्नाशीचा, घोडेगावकडचा. सगळे त्याला मामा म्हणत. मामा आपल्याकडे आला तो उजव्या अंगठ्याला फडकं बांधूनच. "लई जड हाय ओ," तो म्हणाला. "आन् पुडचं चाक दगडावर चढलं का ष्टेरिंग सोताच उलटं फिरतंय. आंगठा आत ऱ्हायला तर संगं घिऊन जातंय."

यावर दोन इलाज होते, आणि ते आजही दोनच आहेत. एक म्हणजे जुना स्टिअरिंग बॉक्स आणि तिथून चाकापर्यंत जाणारा लोखंडी रॉड आहे तसाच ठेवायचा आणि पुढच्या अ‍ॅक्सलला एक तेलाचा जॅक जोडायचा. ड्रायव्हर रॉड ढकलतो, जॅक त्याच दिशेला जोर लावतो. मदतनीस, एवढंच. दुसरा म्हणजे बॉक्स नाही, रॉड नाही, काहीच नाही. स्टिअरिंगच्या खाली एक व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हमधून निघालेले दोन पाइप, आणि अ‍ॅक्सलवर मोठा जॅक. हात आणि चाक यांच्यामध्ये फक्त तेल. चाक दगडावर आपटलं तरी झटका वर येत नाही, कारण यायला रस्ताच नाही. मला हा दुसरा इलाज करायचा होता. तसा व्हॉल्व्ह मी एका जळालेल्या परदेशी लोडरच्या भंगारातून शोधून काढला होता, उघडून, रॉकेलमध्ये धुऊन, पुन्हा बसवला होता. आपल्या भागात असं काम तोवर कुणी केलेलं मला ठाऊक नव्हतं. तुम्हीही केलं नव्हतं. तुम्हाला तेच खुपलं असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो.

शेठ शेडच्या दारात लोखंडी खुर्चीवर बसला आहे, मी त्याला कागदावर आकृती काढून दाखवतो आहे. तुम्ही गाडीच्या मागे. मागच्या फळीच्या वरच्या कडेवरून तळहात फिरवता आहात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटतं, गंज बघताय.

"म्हंजी एका बोटानं फिरंल म्हनतोस?" शेठ विचारतो.

"एका बोटाने."

"आन् मामाचा आंगठा?"

"अंगठ्याला काही होण्याचा प्रश्नच नाही."

"मग त्येच कर की. काय ओ उस्ताद?"

तुम्ही पुढे आलात. हात पुसायला चिंधी शोधलीत, सापडली नाही, लुंगीला पुसलेत.

"न्हाई चालत."

"का नाही चालत?" मी विचारलं.

"रॉड पायजे."

"रॉड का पाहिजे, तेच विचारतोय मी."

"इंग्रजाला समदं तोंडानं सांगावं लागतंय," तुम्ही बाकीच्यांकडे बघून म्हणालात. "बग की पुस्तकात. आसंल तितं."

हसले सगळे. शेठही हसला, पण त्याला बोटावर फिरणारं स्टिअरिंग पाहिजे होतं. तो म्हणाला, "आपली गाडी कुटं गावाला चाललीय, उस्ताद? खान ते भराव, भराव ते खान. करू द्या त्याला."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. त्या क्षणी तुम्ही एक वाक्य बोलला असता तर पुढचं काही घडलं नसतं. ते वाक्य तुमच्याजवळ तयार होतं, हे मला आता पक्कं माहीत आहे. तुम्ही म्हणालात, "कर. ज्याचं काम त्यो आत."

मी काम चोख केलं होतं. ते आजही कुणी तपासावं. पाइपांना कुठे घासायला जागा ठेवली नव्हती, पंपाचा पट्टा नवा होता, टाकीत तेल गाळून घातलं होतं. खाणीच्या सपाटीवर मी गाडी फिरवली तेव्हा स्टिअरिंग खरोखर एका बोटाने फिरलं. शेठने टाळी वाजवली. मामा म्हणाला, "आता एका हातानं तंबाकू मळीत चालवतो बगा." मग तुम्ही चढून माझ्या शेजारी बसलात. "चल, खाली घे."

खाणीची उतरण तुम्हाला आठवत असेल, निदान मला आठवते. सुटी खडी, मध्ये एक डावं वळण, वळणाच्या बाहेरच्या अंगाला मुरमाचा ढीग. गाडी रिकामी होती, माणसाच्या चालीने चालली होती. वळणाच्या अलीकडे तुमचा हात पुढे आला आणि तुम्ही नॉब ओढलात. इंजिन बंद पडलं आणि एकदम टायरखालच्या खडीचा आवाज ऐकू यायला लागला. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. ते फिरलं, नुसतंच फिरलं, खाली काही जोडलेलंच नसावं तसं. पंप थांबला होता. तेल ढकलायला माझे हात होते, आणि तेवढ्या मोठ्या जॅकपुढे ते हात म्हणजे काहीच नव्हते. मी ब्रेक दाबला, चाकं थांबली आणि गाडी खडीवरून घसरत सरळ ढिगात गेली. स्टिअरिंगची कडा माझ्या गळ्याखालच्या हाडावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

तुमची टोपी पडली होती. तुम्ही खाली उतरलात, टोपी झटकलीत, डोक्यावर ठेवलीत. शेठ धावत आला. "रॉड पायजे," तुम्ही त्याला म्हणालात. मला काहीच नाही. त्याच्या पुढचं वळण उघडं होतं, बाहेर नुसती उतरंड. ढीग असलेलं वळण तुम्ही निवडून घेतलंत, आणि त्या ढिगात आपण दोघंही गेलो, हे मला कळतं. त्याबद्दल मी आभार मानावेत असं तुम्हाला वाटत असेल तर मी मानत नाही.

आणि मुख्य म्हणजे त्या ढिगाने काहीच सिद्ध झालं नाही. इंजिन बंद पडलं की माझं स्टिअरिंग मरतं, हे मला ठाऊक होतं. पुस्तकात होतं. त्याचं उत्तरही होतं: खाणीत गाडी सावकाश चालते, ड्रायव्हरला इंजिनाचा आवाज ऐकू येतो, तो लगेच थांबतो, आणि वळणावर सुटी खडी असेल तर गाडी थांबावी म्हणून ती आधीच साफ करता येते. तुम्ही विचारलं असतंत तर मी हे बोललो असतो. पण विचारायला तोंड उघडावं लागतं. तुम्हाला तोंड उघडण्यापेक्षा माझं हाड मोडणं सोपं वाटलं.

हात गळ्यात अडकवून मी खोलीवर पडलो होतो तेव्हा तुम्ही आलात. खालांनी पाय्याचा रस्सा दिला होता, कडीच्या डब्यात, फडक्याने तोंड बांधून. तुमच्या बायकोला आम्ही पोरं खाला म्हणायचो, त्यांच्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून मी पुष्कळ जेवलो आहे, आणि तिथे विचारलं तर उत्तर मिळायचं. रस्सा इतका लाल कशाने होतो म्हटलं तर त्या सांगायच्या, मिरची भाजायची नाही बेटा, भिजवून वाटायची, भाजली की काळी पडते. त्या घरात कारण सांगणारं माणूस होतं, फक्त ते गॅरेजमध्ये येत नव्हतं. तुम्ही डबा ठेवलात, खाटेच्या कडेला बसलात. "हाड बसलं का?" मी मान हलवली. मग तुम्ही पिशवीतून माझा तो व्हॉल्व्ह काढलात, पुसून, तेल लावून, कागदात गुंडाळलेला, आणि माझ्या उशाशी ठेवलात. "तुजं हाय हे." मी वाट बघत होतो. तुम्ही उठून चपला घातल्यात. दारात थांबाल असं वाटलं. थांबला नाहीत. गाडीला तुम्ही रॉड परत बसवलात आणि मदतीचा जॅक जोडलात, हे मला मामाकडून कळलं.

मी तुमच्या शेडमध्ये परत पाऊल टाकलं नाही. एका साखर कारखान्याच्या आवारात ऊस ढकलायची एक गाडी होती, ती फाटकाबाहेर कधीच जात नसे. तिला मी तोच व्हॉल्व्ह बसवला, आणि गाडीच भंगारात निघाली तोपर्यंत तो चालला. म्हणजे माझं काम बरोबर होतं. ते तुम्हाला येऊन सांगायचं मी ठरवत होतो, त्यात तुम्ही गेल्याचं कळलं. मी मातीला आलो नाही. सवड नव्हती असं लोकांना सांगितलं. सवड होती.

तुमचं वाक्य काय होतं ते मला तुमच्या माघारी समजलं, तेही बाजारात. घोडेगावला जनावरांचा बाजार भरला होता. मी एका गाड्यावर चहा घेत उभा. रस्त्यात बैल, म्हशी, व्यापारी, चारा, आणि त्या गर्दीतून हॉर्न वाजवत तीच डिस्पोजलची गाडी आली. मागे दगड नव्हते. मागे खाणीतल्या बाया, त्यांची पोरं, बोचकी, दोन शेरडं, एक म्हातारा फळीवर पाय सोडून बसलेला. गाडी आठवड्याचा बाजार करायला माणसं घेऊन आली होती. पुढच्या चाकाजवळून तेल गळत होतं, एक पाइप फुटलेला मला चहाच्या गाड्यावरून दिसला. मामा उभा राहिल्यासारखा होऊन दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत होता, मानेच्या शिरा ताठलेल्या. पण ते फिरत होतं. रॉड होता. गाडी म्हशींच्या कडेने वळली, लिंबाखाली जाऊन थांबली, बाया पोरांना खाली घ्यायला लागल्या. काही झालं नाही. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी मामाला गाठलं. "गाडी खाणीबाहेर जात नाही म्हणाला होता ना शेठ?"

"शेठला काय म्हनायला," मामा घाम पुसत म्हणाला. "मान्सं बाजाराला कशी येनार मग? चालत? पैल्यापास्नं अशीच येतीया गाडी."

"उस्तादांना हे माहीत होतं?"

"त्यास्नी कोन सांगतंय? मागल्या फळीवरनं हात फिरवला आन् मला म्हनले, मामा, हितं मान्सं बसत्यात. मी म्हनलं, व्हय."

फळीची कड माणसांच्या चढण्या-उतरण्याने गुळगुळीत झाली होती. गंज नव्हता, तेच तुम्ही बघत होतात. एवढं वाक्य, उस्ताद. "ही गाडी बाजाराला मान्सं नेती." मी रॉड त्याच क्षणी परत बसवला असता, स्वतःच्या हाताने. मी हटवादी होतो, मूर्ख नव्हतो. गाडी रस्त्यावर जाणार असेल तर नुसत्या तेलाच्या स्टिअरिंगची खोड फक्त इंजिन बंद पडणं ही नाही: ते वळल्यावर आपोआप सरळ होत नाही, वेगात चाकं नेमकी कुठे तोंड करून आहेत हे हाताला कळत नाही, आणि भरल्या बाजारात पाइप फुटला तर ड्रायव्हरच्या हातात नुसती थाळी उरते. हे सगळं मला पुस्तकाने सांगितलं होतं. गाडी कुठे जाते हे पुस्तक सांगत नाही, आणि शेठच्या शब्दावर मी चाललो. ज्याला खरं ठाऊक होतं तो टोपी झटकत उभा होता. मला अक्कल द्यायची होती तर एक वाक्य पुरलं असतं. तुम्हाला मला गप्प करायचं होतं. तेवढ्यापुरते तुम्ही जिंकलात, आणि मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

हे आत्ताच का लिहायला बसलो ते सांगतो. परवा एक खाणवाला आला, तरुण, नम्र, हात जोडून बोलणारा. टिपरला सगळं तेलाचं स्टिअरिंग करून पाहिजे म्हणाला. गाडी खाणीतच असते, साहेब, बाहेर काढतच नाही. माझ्याकडे एक डिप्लोमा केलेला माणूस आहे, तिशीचा, दोन मुलांचा बाप. हातचं काम स्वच्छ आहे, डोक्याने माझ्यापेक्षा चपळ. त्याने रात्र घालवून आकृती काढली होती. इंजिन बंद पडलं तर बॅटरीवर चालणारा जादा पंपसुद्धा त्याने त्यात धरला होता. मला तेव्हा जे सुचलं नव्हतं ते त्याला सुचलं होतं. मी आकृती बघितली, मग उठून टिपरच्या मागे गेलो. मागच्या फळीला खाली लोखंडी पट्टीची पायरी वेल्ड केलेली होती, पावलांनी चकचकीत झालेली. आरशाच्या दांडीला कुठल्याशा लग्नातल्या झेंडूचा सुकलेला हार. खडीला पायरी लागत नाही.

मी परत आलो. खाणवाला म्हणाला, "करायचं ना, साहेब?"

"न्हाई चालत," मी म्हणालो.

मी एरवी असं बोलत नाही. घरात नाही, दुकानात नाही. ते शब्द माझ्या तोंडातून तुमच्या सुरात आले.

खाणवाला दुसऱ्या कुणाकडे जाईल. जाऊ दे. पण माझ्या माणसाने आकृतीचा कागद हातात धरून मला विचारलं, "का, सर?" त्याने चिडून विचारलं नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. फक्त बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं, पायरी दहा पावलांवर होती. मी पाना उचलला आणि दुसऱ्या कामाला लागलो. कागदाची घडी करून त्याने खिशात घातली, हात धुतले आणि डबा घेऊन घरी गेला.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. टाकायला ठिकाण नाही, आणि असतं तरी तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं. तुम्हाला जी कारणं माझ्या आधीपासून ठाऊक होती तीच मी सबंध संध्याकाळ बसून तुम्हाला लिहिली आहेत, पायरीसकट, हारासकट. ज्याने विचारलं तो सकाळी कामावर येईल. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही.